कुत्र्यासाठी लोकर, कुत्र्याची लोकर

डिसेंबर लागला की पुण्यात संध्याकाळी फिरायला निघालेल्या कुत्र्यांच्या अंगावर स्वेटर दिसायला लागतात. आणि स्वेटर दिसले की टोमणेही सुरू होतात. "माणसांना पांघरायला नाही आणि यांच्या कुत्र्यांना स्वेटर!" हे वाक्य मी दर हिवाळ्यात ऐकते. यंदा आमच्या गल्लीतल्या एका पिल्लासाठी मी स्वतःच असा स्वेटर विणतेय, त्यामुळे टोमण्यांतला माझा वाटा मला मिळालाय. हरकत नाही. पण विणता विणता या विषयाचा एक जुना धागा हाती लागला. तो कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जातो आणि तिथून माण-खटावच्या माळावर परत येतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी स्वेटरचंच सांगते. लहान कुत्र्याचा स्वेटर ही काही अवघड गोष्ट नाही. तीन मापं घ्यायची: मानेचा घेर, पुढच्या पायांमागून छातीचा घेर, आणि मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी. मानेला दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी घालायची. डोक्यातून घालताना ती ताणते आणि मग मानेशी मिटते. पुढे टाके वाढवत छातीपर्यंत यायचं, पुढच्या पायांसाठी दोन भोकं सोडायची. पोटाची बाजू पाठीपेक्षा आखूड ठेवायची, नाहीतर नर कुत्रा पहिल्याच फेरीत स्वेटर ओला करून आणतो. विणता येत नसेल तर लहान मुलाच्या जुन्या स्वेटरची बाही कापा, दोन भोकं पाडा, कडा शिवा. पिल्लाला तेवढं पुरतं.

हे चोचले आहेत का? सगळ्या कुत्र्यांना स्वेटर लागत नाही हे खरंच. दाट केसांच्या पॉमेरेनियनला पुण्याच्या थंडीत स्वेटर घालणं म्हणजे घोंगडीवर दुलई पांघरण्यासारखं. पण आखूड केसांचं, हडकुळं, म्हातारं किंवा दीड-दोन महिन्यांचं पिल्लू असेल तर त्याला थंडी खरोखर बाधते. शरीर जितकं लहान तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ऊब लवकर निघून जाते. तान्ह्या बाळाला आपण टोपडं का घालतो, त्याचंही कारण हेच.

आता मुद्द्याकडे येते. मराठीत 'विणणे' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या कामांना वापरतो. पैठणीही विणतात आणि स्वेटरही विणतात. पण मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत गुंततात, आणि सुयांवर एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकत जातात. म्हणून मागावरचं कापड सपाट राहतं, तर स्वेटर ताणतो आणि अंगाबरोबर वळतो. दोन पायांच्या अंगाबरोबरही आणि चार पायांच्याही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा आहे.

आणि दुसरा प्रश्न: ही लोकर कोणाची? मेंढीची, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कोपऱ्यावरच्या दुकानात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे, म्हणजे खनिज तेलापासून केलेल्या धाग्याचे असतात. पण एक समाज असा होता की तिथल्या बायकांना हा प्रश्न विचारला असता, तर त्यांनी एका लहानशा पांढऱ्या कुत्र्याकडे बोट दाखवलं असतं.

आज जिथे कॅनडाचं व्हँकुव्हर आणि अमेरिकेचं सिएटल आहे, त्या किनाऱ्यावर सेलिश भाषा बोलणारे मूळनिवासी समाज हजारो वर्षं राहत आले आहेत. त्यांच्याकडे मेंढ्या नव्हत्या. उंच डोंगरातल्या रानबकऱ्यांची लोकर मिळायची, पण थोडी आणि कष्टाने. म्हणून त्यांनी लोकरीसाठी खास कुत्र्यांची जात पाळली. उभे कान, वळलेली शेपटी, बहुतेक पांढरा रंग आणि आत दाट मऊ लोकर. शिकारीच्या आणि गावातल्या इतर कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून हे कुत्रे वेगळे ठेवत, कुठे कुंपणात, तर कुठे लहान लहान बेटांवर. खायला सामन मासा. कुत्र्यांची मालकी बायकांची, कातरणं बायकांचं आणि विणणंही बायकांचंच. ज्या बाईकडे असे कुत्रे जास्त, तिचा समाजात मान मोठा.

१७९२ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर या किनाऱ्यावर आला, तेव्हा त्याने हे कुत्रे पाहिले. पॉमेरेनियनसारखे पण अंगाने जरा मोठे, आणि मेंढ्या कातरतात तसे अगदी कातडीलगत कातरलेले, असं वर्णन त्याने करून ठेवलंय. त्यांची लोकर इतकी दाट की कातरलेल्या थराचं एक टोक धरून उचललं तरी थर फाटत नाही, याचं त्याला नवल वाटलं. पुढे पॉल केन या चित्रकाराने १८४७ च्या प्रवासावरून एक चित्र काढलं. त्यात एक बाई मागावर कांबळं विणतेय आणि शेजारी असाच एक पांढरा कुत्रा आहे. हे चित्र आज टोरांटोच्या रॉयल ऑन्टारियो म्युझियममध्ये आहे.

हे कांबळं नुसतं पांघरायला नव्हतं. लग्न, नामकरण, मृत्यू, पद मिळणं अशा प्रसंगी तिथे पॉटलॅच नावाचा मोठा समारंभ होई. यजमान पाहुण्यांना संपत्ती वाटून टाकी, आणि त्या संपत्तीत कांबळ्यांना फार मान असे. आपल्याकडे आहेराशिवाय लग्न लागत नाही ना, तसंच काहीसं. फरक इतकाच की तिथे जो जास्त देई तो मोठा. या समारंभातच कोणाचा हक्क कशावर, कोणतं नाव कोणाचं, हे सगळ्यांच्या साक्षीने ठरे. म्हणजे कुत्रा, कांबळं आणि समाजाचा कायदा एकाच माळेत ओवलेले.

आता या कुत्र्यांची जात शिल्लक नाही. का संपली, याचं जे उत्तर बराच काळ दिलं जाई ते आपल्याला ओळखीचं वाटेल. उत्तर असं: हडसन्स बे कंपनीने यंत्रावरची स्वस्त कांबळी आणली, मग कुत्रा पाळून, कातरून, कातून, विणायच्या भानगडीत कोण पडणार? बाजाराने हस्तकला मारली, गोष्ट संपली.

ही हडसन्स बे कंपनी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. इंग्लंडच्या ज्या दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, त्याच राजाने दोन वर्षांनी, १६७० मध्ये, हडसन्स बे कंपनीला सनद दिली. एक कंपनी इकडे आली, दुसरी तिकडे गेली. सेलिश मुलखात त्यांनी १८२७ मध्ये फोर्ट लँगली आणि १८४३ मध्ये फोर्ट व्हिक्टोरिया उभारला. कंपनीची कांबळी तिथे जवळजवळ चलनासारखी चालत. त्यामुळे बाजाराने कला मारली ही कथा सोपी वाटते आणि पटतेही.

पण ती अपुरी आहे. आणि ती अपुरी आहे हे कळलं एका मेलेल्या कुत्र्याच्या कातड्यावरून.

त्या कुत्र्याचं नाव होतं मटन. खरंच. जॉर्ज गिब्स नावाचा एक अभ्यासक अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेची मोजणी करणाऱ्या तुकडीत होता, त्याचा हा पाळलेला लोकरी कुत्रा. १८५९ मध्ये तो मेला आणि त्याचं कातडं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जाऊन पडलं. दीडशेहून जास्त वर्षांनी त्यातून डीएनए काढला गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुत्र्यांचा वंश इतर कुत्र्यांपासून सुमारे ५,००० वर्षांपूर्वी वेगळा झाला होता. मटन जन्मला तोवर गोरे लोक आणि त्यांचे कुत्रे त्या मुलखात येऊन काही दशकं झाली होती, तरी त्याचा सुमारे ८५ टक्के वंश युरोपीय येण्याआधीच्या कुत्र्यांचा होता. म्हणजे यंत्राची कांबळी बाजारात आल्यावरही या बायका आपल्या कुत्र्यांचा वंश जपत होत्या. स्वस्त कांबळं दिसलं आणि कुत्रे सोडून दिले, असं घडलेलं नाही.

या अभ्यासाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात प्रयोगशाळेबरोबर सेलिश समाजातल्या ज्येष्ठांना आणि विणकर बायकांनाही विचारलं गेलं, आणि त्यांच्यापैकी काही जणांची नावं लेखकांत आहेत. त्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितलं जाणारं कारण वेगळं होतं. आमच्या आज्या-पणज्यांना हे कुत्रे ठेवू दिले नाहीत, विणू दिलं नाही, असं ते सांगत आले होते.

हे खरं मानायला पुरेशा तारखा आहेत. १८६२ मध्ये व्हिक्टोरियात देवी आल्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी मूळनिवाशांना आवरायचं सोडून गावाबाहेर हाकललं, त्यांच्या झोपड्या जाळल्या, आणि माणसांबरोबर रोग सगळ्या किनाऱ्यावर पसरला. गावंच्या गावं बसली. कातणारे हातच गेले, तर कुत्र्याला कोण विचारणार? मग कॅनडाच्या संसदेने १८८४ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि १८८५ पासून पॉटलॅच हा गुन्हा ठरला. ज्या समारंभासाठी कांबळं विणायचं, तो करणाऱ्याला तुरुंग. ही बंदी १९५१ पर्यंत, म्हणजे आपली राज्यघटना लागू झाल्यानंतरही वर्षभर कायद्यात होती! आणि तिसरा घाव निवासी शाळांचा. मुलांना घरापासून तोडून वसतिगृहात ठेवायचं, आपली भाषा बोलली की शिक्षा. सेलिश मुलखातल्या कूपर बेटावरची अशी शाळा १९७५ पर्यंत चालली. आजीच्या शेजारी बसून जी कला शिकायची, ती आजी आणि नात यांनाच वेगळं केल्यावर शिकवणार कोण?

बाजाराने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. पण माणसं रोगाने मेली, समारंभ कायद्याने बंद झाला, मुलं शाळेने नेली, आणि त्यानंतर आपण म्हणायचं की कला काळाच्या ओघात संपली. 'संपली' आणि 'संपवली' यात एका अक्षराचा फरक आहे, पण इतिहासाचं निम्मं काम ते अक्षर शोधण्याचं असतं.

आता सुयांकडे येऊ. कुत्रा गेला, मागही जवळजवळ गेला, पण बायकांच्या बोटांतलं कसब गेलं नव्हतं. वसाहतवाल्यांबरोबर मेंढ्या आल्या होत्या. १८६४ मध्ये व्हँकुव्हर बेटावरच्या कौविचन खोऱ्यात सेंट ॲन पंथाच्या जोगिणींनी मुलींना सुयांवरचं विणकाम शिकवायला सुरुवात केली. पुढे स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरून येऊन तिथे राहिलेल्या जेरिमिना कॉल्विन यांचंही नाव या कामात घेतलं जातं. आपल्याकडेही सुयांवरचं विणकाम पसरवण्यात मिशनरी शाळांचा मोठा वाटा होता, तेव्हा हा मार्ग आपल्याला अनोळखी नाही.

पण सेलिश बायकांनी शिकवलेलं जसंच्या तसं गिरवलं नाही. जुन्या मोठ्या चातीवर त्यांनी जाड, एकपदरी सूत कातलं. लोकर रंगवली नाही. पांढरी, करडी, काळी, जशी मेंढीच्या अंगावर तशीच वापरली. तिच्यातला नैसर्गिक तेलकटपणा राहू दिला, त्यामुळे पाऊस सहज आत शिरत नाही. अनेक सुयांवर गोल गोल विणून बाजूला शिवण न येणारा स्वेटर केला आणि त्यात नक्षी घातली. हाच तो 'कौविचन स्वेटर'. पॉटलॅचवर बंदी होती, स्वेटर विकण्यावर नव्हती. घर चालवायला हाच धंदा उरला, आणि अनेक कुटुंबांची चूल त्यावर पेटली.

मात्र भाव विणणारीच्या हातात कधीच नव्हता. दुकानदार सांगेल ती किंमत, तीही पुष्कळदा किराणामालाच्या रूपात. लोकर धुणं, पिंजणं, कातणं, विणणं सगळं घरात, आणि नफा दुकानात. मग नक्कल सुरू झाली. यंत्रावरचे 'कौविचन पद्धतीचे' स्वेटर बाजारात आले. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकच्या आधी तर कमाल झाली. खेळांच्या अधिकृत कपड्यांचं कंत्राट होतं त्याच जुन्या हडसन्स बे कंपनीकडे. २००९ च्या शरद ऋतूत कंपनीने जो स्वेटर दाखवला तो दिसायला कौविचनसारखा, पण विणलेला कौविचन बायकांनी नव्हता. समाजाने आवाज उठवला, आंदोलनाची तयारी केली, आणि शेवटी कंपनीच्या व्हँकुव्हरच्या दुकानात अस्सल कौविचन स्वेटरही विकले जातील एवढी तडजोड झाली. २०११ मध्ये कॅनडा सरकारने या विणकर बायकांच्या कामाला राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचा दर्जा दिला. आणि २०२५ च्या जूनपर्यंत हडसन्स बे कंपनीची सगळी दुकानं दिवाळखोरीत बंद झाली. सुया अजून चालू आहेत.

मंडळी, एवढं सगळं सांगायचं कारण आपल्या दारात आहे.

आपल्याकडे लोकरीचं जनावर आजही जिवंत आहे. दख्खनी मेंढी. सातारा, सांगली, सोलापूर, नगरच्या कोरड्या माळावर धनगर मेंढपाळ तिला घेऊन वर्षातले कित्येक महिने पायी फिरतात. तिची लोकर काळी, राठ आणि चिवट. वर्षातून दोनदा कातरतात. सनगर विणकर ती खड्ड्याच्या मागावर विणतात, चिंचोक्याची खळ देतात आणि घोंगडी तयार होते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीची ती जावळाची घोंगडी. पावसात डोक्यावर घोंगता, रात्री अंथरूण-पांघरूण, आणि विठोबा-बिरोबाच्या पूजेत मानाचं वस्त्र. सेलिश कांबळ्यासारखंच एकाच वेळी ऊबही आणि मानही.

इथे कोणी कायद्याने घोंगडीवर बंदी घातलेली नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. पण बाकी काय झालंय ते बघा. पूर्वी सरकारी योजनांत मेरिनो आणि रॅम्बुले जातीचे परदेशी नर आणून लोकर मऊ करायचे प्रयत्न झाले. आता सगळा जोर मटणावर आहे, त्यामुळे जास्त वजनाच्या आणि कमी लोकरीच्या मेंढीला भाव. जतच्या माडग्याळ मेंढीला मागणी आहे ती अंगाच्या थोराडपणामुळे, लोकरीमुळे नव्हे. चराईची रानं आक्रसत चाललीत. आणि लोकर? कातरायची मजुरीही तिच्या विक्रीतून निघत नाही, म्हणून मेंढपाळ ती बऱ्याचदा माळावरच टाकून पुढे जातात. मेंढीच्या अंगाला आराम म्हणून कातरायची आणि फेकायची!

म्हणजे एकीकडे माझ्यासारख्या बायका कुत्र्याच्या स्वेटरसाठी तेलापासून केलेली 'लोकर' विकत आणणार, आणि दुसरीकडे खरी लोकर शंभर-दीडशे किलोमीटरवर मातीत जाणार. "माणसांना पांघरायला नाही" असा टोमणा मारायचाच असेल तर तो या व्यवस्थेला मारा, त्या पिल्लाला नको.

उपाय माझ्या एकटीच्या सुयांत नाहीत, पण काही गोष्टी मागता येतात. राज्यात मेंढी-शेळी विकासासाठी सरकारी महामंडळ आहेच. त्याने कातरणीच्या हंगामात मेंढपाळांच्या वाटेवर, मजुरी तरी सुटेल अशा ठरलेल्या भावाने लोकर विकत घ्यावी. दुकानातल्या प्रत्येक गुंड्यावर धागा कशाचा ते मराठीत ठळक लिहिलेलं असावं. आणि दख्खनी लोकर मेरिनोसारखी मऊ नाही, अंगाला टोचते, हे मान्य करूनच तिचा उपयोग शोधावा: चटया, आसनं, पिशव्या आणि हो, कुत्र्यांच्या पाठीवर घालायच्या झुलीसुद्धा. बैलाला झूल चालते, तर कुत्र्याला घोंगडीची का चालू नये? शहरात कुत्र्यांच्या कपड्यांवर चांगला पैसा खर्च होतो. त्यातला थोडा सनगराच्या मागापर्यंत पोचला, तर ज्याला आपण चोचले म्हणतो त्यातूनच कोणाची चूल पेटेल.

सेलिश समाजातल्या विणकर बायका आज जुनी कांबळी बघून पुन्हा मागावर बसल्या आहेत. माग परत आला, पण कुत्रा परत येत नाही. जनावराचा वंश एकदा गेला की संग्रहालयातलं कातडं तेवढं उरतं. आपली मेंढी अजून माळावर चरतेय, विणकर थोडे का होईना मागावर बसताहेत.

तुमच्या गावात किंवा तालुक्यात कोणी घोंगडी विणत असेल तर गावाचं नाव आणि बाजाराचा वार खाली लिहा. फोन नंबर मात्र त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. यादी झाली की मी इथेच एकत्र करून लावते. थंडी अजून दोन महिने आहे.